बांधावर टॅब, घरात डेस्कटॉप : ताईच्या लॅपटॉपची बदली

जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात ताईच्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर उचलला गेला. दोन दिवसांनी झाकण नीट मिटेना. तिला वाटलं बिजागरी गेली. मी उलटा करून पाहिला तर तळ मधोमध फुगलेला होता. बॅटरी फुगली होती. लगेच चार्जर काढला, मशीन बंद केलं, तळाचे स्क्रू खोलून बॅटरी वेगळी केली आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे नेऊन दिली. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि घंटागाडीत तर टाकायचीच नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण "अजून चालतोय की" म्हणून तसाच लॅपटॉप वापरणारे लोक मी पाहिले आहेत.

ताई द्राक्ष सल्लागार आहे. घर नाशिकच्या इंदिरानगरला, आणि दिंडोरी व निफाड तालुक्यांत मिळून द्राक्षबागांचे बावन्न प्लॉट तिच्याकडे. सकाळी सातला गाडी काढायची, खेडगाव, मोहाडी, पिंपळगाव अशा फेऱ्या करायच्या, संध्याकाळी परत येऊन शेड्यूल, म्हणजे कोणत्या बागेला कधी काय फवारायचं याची वेळापत्रकं, बनवायची. लॅपटॉप दिवसभर गाडीच्या मागच्या सीटवर. एप्रिल-मेमध्ये खरड छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीच्या) दिवसांत गाडी बांधाच्या कडेला उन्हात उभी असते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. बाहेर ४० असताना बंद गाडीत पारा पन्नाशी सहज ओलांडतो. वर रात्रभर चार्जर लावलेला. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बॅटरीचं आयुष्य भराभर संपतं. बॅटरी खराब निघाली असं म्हणण्यापेक्षा आम्ही ती तशा जागी ठेवत होतो, हे जास्त खरं.

नवी बॅटरी चार हजारांत मिळाली असती. पण लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज ११ ला सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं. म्हणजे चार हजार घालून सव्वा वर्ष मिळणार होतं. दाजी म्हणाले, नवा लॅपटॉप घेऊन टाक. मीही तेच म्हणालो. ताई मात्र थांबली. म्हणाली, "घ्यायचा तर घेऊ रे, पण मला हा बाहेर नेमका लागतो कशाला, ते आधी सांग."

मी सातपूरला एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. कुठलंही यंत्र बदलण्याआधी ते कुठे, किती वेळ आणि कशासाठी चालतं याची नोंद काढायची, ही आमची रोजची सवय. घरच्या यंत्राला ती लावायचं मला सुचलं नव्हतं. दाजींचा जुना लॅपटॉप तिला तात्पुरता दिला आणि गाडीत एक वही ठेवली. पंधरा दिवस, लॅपटॉप उघडला की वेळ, जागा आणि काम लिहायचं.

वही पाहून आम्ही दोघं गप्प झालो. बाहेर लॅपटॉप उघडला जायचा पाच-सात मिनिटांसाठी, आणि तोही पाहायला : मागच्या व्हिजिटला काय सांगितलं होतं, कोणती फवारणी झाली, एखादा जुना फोटो. त्यावर बाहेर काही लिहिलं जातच नव्हतं. गाडीच्या सीटवर मांडीवर ठेवून कोण टाइप करणार? बागेत ती डायरीत पेनाने लिहायची आणि रात्री तेच सगळं लॅपटॉपमध्ये पुन्हा टाकायची. या दुसऱ्यांदा लिहिण्यात रोज पाऊण तास जात होता. घरचं काम वेगळंच. सलग दोन-अडीच तास शेड्यूल, शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले पानांचे फोटो, बिलं. तेही जेवणाच्या टेबलावर, मान खाली घालून. तिची मान दोन वर्षांपासून दुखत होती. आम्ही ते गाडी चालवण्यावर ढकललं होतं.

जे यंत्र दोन्हीकडे चालावं म्हणून घेतलं होतं, ते एकाही ठिकाणी नीट चालत नव्हतं. लॅपटॉपऐवजी टॅब आणि डेस्कटॉप घ्यायचा विचार इथून सुरू झाला.

निवड आणि खर्च

टॅबबाबत माझा आग्रह होता मोठ्या, बारा इंची आणि कीबोर्डच्या कव्हरवाल्या टॅबचा. ताईने दुकानातच तो एका हातात धरला, दुसऱ्या हाताने हवेतलं पान उलटून पाहिल्यासारखं केलं आणि परत ठेवला. बरोबर होतं तिचं. डाउनी (द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग) आहे का हे पाहायला पान उलटावंच लागतं, आणि तेव्हा टॅब एकाच हातात असतो. शेवटी १०.९ इंची, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, सोबत पेन असलेला आणि धूळ-पाण्यासाठी आयपी६८ दर्जाचा टॅब घेतला. आयपी६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते. फवारणीचं औषध उडालं तर तो दर्जा काही वचन देत नाही. म्हणून गाडीत ओला रुमाल ठेवला आणि औषध लागलं की लगेच पुसायचं ठरलं. त्या पेनाला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही आणि ओल्या हातांनी बोट चालत नाही तिथे पेन चालतं. सप्टेंबरच्या रिमझिमीत याचा फार उपयोग झाला.

टॅब आणि कव्हर मिळून ३७,००० रुपये. डेस्कटॉप असेंबल करून घेतला : आय३ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २७,५०० रुपये. २४ इंची मॉनिटर ९,२००. यूपीएस ३,२००. आणि लॅपटॉपमध्ये फुकट असतात म्हणून ज्यांची किंमत आपण धरतच नाही, अशा गोष्टी : कीबोर्ड, माउस, वेबकॅम, स्पीकर, वाय-फाय अडॅप्टर. हे ३,१००. एकूण ८०,०००. त्याच दर्जाचा नवा लॅपटॉप ६२,००० ला मिळत होता. दोन यंत्रं घेतली की स्वस्त पडतं असं कोणी सांगत असेल तर त्याने वायर आणि वेबकॅम मोजलेले नाहीत. आम्ही १८,००० जास्त दिले, आणि ते रोजच्या पाऊण तासासाठी आणि तिच्या मानेसाठी दिले.

पहिला महिना

डेस्कटॉप लावला त्या दिवशी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. दुकानदार म्हणाला, मशीन ठीक आहे. ते खरंच ठीक होतं. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडा विद्युतदाब येतो. प्लगला तिसरी पिन होती, बोर्डाला तिसरं भोक होतं, पण त्यामागे अर्थची वायरच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं त्या खोलीत प्लास्टिकचा लॅपटॉप वापरला म्हणून कळलं नाही. इलेक्ट्रिशियनने वायर जोडली आणि झिणझिण्या गेल्या. डेस्कटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या एका सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण विजेचीच. घरात इन्व्हर्टर होता, म्हणून यूपीएस कशाला असं दाजींचं म्हणणं होतं. पहिल्या आठवड्यात यूपीएस आला नव्हता तेव्हा लाइट गेली की डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड असं. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो क्षण लागतो तो पंख्याला जाणवत नाही, कॉम्प्युटरला जाणवतो. बटण बदललं आणि काम भागलं. यूपीएस तरीही ठेवला, कारण पावसाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी अख्ख्या घराला पुरवता पुरवता कधी बसेल सांगता येत नाही, आणि फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला दहा मिनिटं हाताशी लागतात.

खरी डोकेदुखी फॉन्टची निघाली. ताईची २०११ पासूनची सगळी शेड्यूल जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होती. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. लॅपटॉपवर तो फॉन्ट होता म्हणून 'भुरी' (द्राक्षावरचा आणखी एक बुरशीचा रोग) असं वाचता येत होतं. टॅबवर फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पहिल्याच दिवशी खेडगावच्या एका बागेत हे झालं. शेतकरी दादा शेजारी उभे, ताईच्या हातात नवा कोरा टॅब, आणि त्यावर वाचता येईल असं एक अक्षर नाही. तिने त्या रात्री मला फोन केला तेव्हा ती रडवेली झाली होती.

उपाय एकच होता : पुढचं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत. विंडोजमध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कीबोर्ड आता आतच मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण ताईची बोटं जुन्या मांडणीवर बसलेली. तिला पूर्वीच्या वेगावर यायला पाच-सहा आठवडे लागले. टॅबवर तिने टाइप करणं जवळजवळ सोडूनच दिलं. ती बोलते आणि टॅब लिहितो. "घड जिरलेत" (म्हणजे घड निघता निघता नाहीसे झालेत) याचं त्याने पहिल्यांदा काहीतरी भलतंच केलं होतं, पण औषधांची नावं सोडली तर एरवी तो बऱ्यापैकी बरोबर लिहितो. नावं ती यादीतून निवडते.

शेड्यूलच्या एक्सेल फाइलमध्ये एक मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, होता. छाटणीची तारीख टाकली की पेस्टिंग, पोंगा, फेलफूट, फुलोरा, मणी सेटिंग, पाणी उतरणं असे बागेच्या वाढीचे आणि कामांचे टप्पे तारखांसकट तयार व्हायचे. टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. शिवाय १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर त्या ॲपमध्ये फाइल बदलायची तर वर्गणी भरावी लागते. वर्गणी भरली, कारण ताईचा हात एक्सेलवरच बसलेला. मॅक्रोचं काम मी साध्या सूत्रांवर आणलं. त्यात माझे दोन रविवार गेले.

एकाच फाइलच्या दोन प्रती

सप्टेंबरअखेरची गोष्ट. फळछाटण्या (घड येण्यासाठीच्या छाटण्या) सुरू झालेल्या, अधूनमधून पाऊस. मोहाडीच्या बाजूला एका प्लॉटमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. पोंग्यातल्या, म्हणजे नुकती फूट निघत असलेल्या, बागेत पावसाचं पाणी साचलेलं पाहून ताईने टॅबवर त्या शेतकऱ्याचं शेड्यूल तिथेच बदललं. डाउनीसाठी ठरलेली फवारणी अलीकडे घेतली, औषधही बदललं. तोंडीही सांगितलं, पण बागेत तेव्हा मालकांचा मुलगा होता, मालक नव्हते. घरी डेस्कटॉपवर तीच फाइल सकाळपासून उघडी राहिली होती. संध्याकाळी रेंज आल्यावर क्लाउडवर दोन प्रती तयार झाल्या : एक टॅबची, एक डेस्कटॉपची. ताईने रात्री डेस्कटॉपसमोर बसून समोर दिसली ती पाठवली. ती जुनी होती. मालकांनी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला आणि जुन्याच वेळेला जुनंच औषध मारलं.

चार दिवसांनी पानांवर तेलकट डाग दिसले. वेळेत कळलं म्हणून बाग सावरली, पण एक फवारणी वाया गेली आणि त्यानंतरच्या दोन वाढल्या. ताई स्वतः त्यांच्या घरी गेली, चूक आपली आहे हे सांगितलं आणि त्या हंगामाची व्हिजिट फी घेतली नाही. त्यांनी तिला सोडलं नाही, आजही तो प्लॉट तिच्याकडे आहे. पण ती दोन रात्री झोपली नाही, हे मी पाहिलंय.

चूक तिची नव्हती, रचनेची होती, आणि रचना माझी होती. लॅपटॉप एकच होता तेव्हा फाइलही एकच होती; हा प्रश्नच उद्भवत नव्हता. दोन यंत्रं झाली की प्रत्येक फाइलला विचारावं लागतं : तुझा मालक कोण? आम्ही त्या आठवड्यात सगळं मोडून पुन्हा बांधलं. आता टॅबवर फक्त 'नोंद' लिहिली जाते : तारीख, प्लॉट, छाटणीपासूनचा दिवस, काय दिसलं, काय सांगितलं. प्रत्येक व्हिजिटची नवी ओळ, जुन्या ओळीला हात लावायचा नाही. 'शेड्यूल' फक्त डेस्कटॉपवर बनतं आणि टॅबवर पीडीएफ म्हणून जातं, म्हणजे बागेत ते वाचता येतं, बदलता येत नाही. डेस्कटॉप नोंद वाचतो, तिच्यात लिहीत नाही. बागेत तातडीने काही बदलायचं असेल तर ताई नोंदीत लाल खूण करते, मालकांना तिथूनच फोन लावते, रेंज नसेल तर हमरस्त्यावर येऊन लावते, आणि त्या खुणा संपल्याशिवाय रात्री एकही शेड्यूल पाठवत नाही. तेव्हापासून दोन प्रती झालेल्या नाहीत.

मला विचाराल तर या अख्ख्या बदलात कोणता टॅब आणि कोणता प्रोसेसर हे सगळ्यात कमी महत्त्वाचं होतं. कोणती फाइल कुठे लिहायची हे आधी ठरवलं असतं तर ती फवारणी वाया गेली नसती.

मॉनिटरने काय दिलं

हे आम्ही धरलंच नव्हतं. जुन्या लॅपटॉपचा पडदा स्वस्तातला, मान जरा हलली की रंग बदलणारा. डाउनीचा पहिला डाग पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा, तेल सांडल्यासारखा असतो. खालच्या बाजूची पांढरी बुरशी नंतर दिसते. त्या पडद्यावर असा डाग आणि उन्हाची तिरीप यांत फरक कळत नसे, म्हणून ताई "उद्या येऊन पाहते" म्हणायची. नव्या मॉनिटरचं पॅनल आयपीएस प्रकारचं आहे, कुठूनही पाहिलं तरी रंग तोच. व्हॉट्सॲप डेस्कटॉपवर जोडलेलं असतं, फोटो मोठा करून पाहते आणि निम्म्या वेळा तिथेच निदान होतं. शेतकऱ्यांना तिने एक शिकवलं : फोटो सावलीत काढा, एक वरून, एक पान उलटून, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबून लहान करत नाही.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणली, खुर्ची बदलली. मान दिवाळीपर्यंत बरीच हलकी झाली.

जे जमलं नाही

वाय-फायवाला टॅब घेऊन सिमवाल्याचे पैसे वाचवले, तिथे माझा हिशेब चुकला. फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवला की फोन दुपारी दोनला मान टाकतो, आणि सल्लागाराचा फोन बंद पडणं परवडत नाही. आता गाडीत चार्जर आहे, पण टॅब पुन्हा घ्यायची वेळ आली तर सिमवाला घेऊ.

उन्हात टॅबचा पडदा दिसत नाही, हेही खरं. मार्चच्या दुपारी ताई वेलींच्या सावलीत जाऊन बघते. टॅब तापला की स्वतःच उजेड कमी करतो. तो गाडीत ठेवायचा नाही, पिशवीत सोबत न्यायचा, एवढं मात्र तिने बॅटरीच्या अनुभवानंतर कधी मोडलं नाही.

पुण्याला तीन दिवसांचं चर्चासत्र होतं, तिला सादरीकरण करायचं होतं. टॅबवर आदल्या रात्री स्लाइड बदलायला बसली आणि वैतागली. शेवटी मैत्रिणीचा लॅपटॉप घेतला. वर्षातून असे सात-आठ दिवस येतात. ज्याचे असे दिवस महिन्यातून सात-आठ असतील त्याने ही वाट धरू नये, लॅपटॉपच घ्यावा आणि घरी त्याला मॉनिटर जोडावा. ते स्वस्तही पडेल.

आणि भाची. लॅपटॉप ताईचा होता, तो उचलून नेता यायचा. डेस्कटॉप एका जागी बसला आणि घराचा झाला. दहावीचा अभ्यास, प्रोजेक्ट, क्लासचे व्हिडिओ. संध्याकाळी सात ते नऊ दोघींना एकच खुर्ची हवी. दोघींची वेगळी खाती केली, म्हणजे निदान फाइल उघडी राहून जाण्याचा धोका गेला. वेळेचा प्रश्न मात्र यंत्राने सुटला नाही. भाची पहाटे उठायला लागली आणि संध्याकाळ ताईला मिळाली.

फेब्रुवारी

२०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांमध्ये ते वर्ष आजही विसरलेलं नाही. तेव्हापासून रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधांच्या अंशांचा) विषय निघाला की पहिला प्रश्न फवारणीच्या नोंदीचा येतो : काय मारलं, कधी, किती, आणि काढणीला किती दिवस उरलेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका प्लॉटवर निर्यातदाराचा माणूस आला. काढणीपूर्वीचा नमुना प्रयोगशाळेकडे जायचा होता. त्याने रेकॉर्ड मागितलं. पूर्वी ताई म्हणायची, "रात्री पाठवते." त्या दिवशी तिने टॅबवर त्या प्लॉटच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि बांधावर उभ्या उभ्या छाटणीपासूनची एकेक फवारणी तारखेसकट दाखवली. एकच गोष्ट राहिली होती. ठिबकमधून सोडलेल्या खतांचा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. ती माहिती मालकांच्या वहीतून घेतली, आणि त्याच रात्री नोंदीत तो रकाना आला.

जुना लॅपटॉप अजून आहे. बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर, इंटरनेट बंद ठेवून. त्यातल्या जुन्या फॉन्टच्या फाइली आम्ही एकेक वर्ष मागे जात युनिकोडमध्ये आणतोय, कारण कोणत्या प्लॉटला कोणत्या वर्षी डाउनीने कुठून सुरुवात केली हे त्या फाइलींमध्येच आहे. रूपांतर करणारा प्रोग्राम बहुतेक बरोबर करतो, पण रफार आणि जोडाक्षरं चुकवतो. 'काड्या' आणि 'वर्षा'सारखे शब्द हाताने तपासावे लागतात. ते भाची करते, पानाला दोन रुपये घेऊन. २०१८ पर्यंत मागे पोचलोय. त्याआधीची सात वर्षं अजून त्या जुन्या लॅपटॉपच्या झाकणाआड आहेत.